पिंपातली शेवटची बाटली

"तेलकट काही नाही, हात लावून बघ," असं म्हणत वहिनी आपला गाल पुढे करायच्या. तुम्ही बदलापुरात, खरवईला आमच्या इमारतीत राहत असतात, तर तुमच्याही पुढे तो गाल आलाच असता. साठीला टेकल्या तरी तो तुळतुळीत होता, हे कबूल करायला हवं.

वहिनी माझ्या समोरच्या दारात राहायच्या, मूळच्या कुळगावच्या. चेहऱ्याला लावायचं पाणी घरी बनवून विकायच्या. गुलाबपाणी, कोरफडीचा रस आणि डागांसाठी म्हणून बावचीच्या बियांचा तेलात उतरवलेला अर्क. खाली नळ असलेलं स्टीलचं पिंप त्यांनी या कामाला लावलं होतं. रविवारी बाटल्या भरायला मी जायचे. माझं माहेर लांब, आणि त्यांच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण असं, की मी पिंप घासूनसुद्धा ठेवायचे.

पहिल्या दोन बाटल्या त्या स्वतःसाठी काढून ठेवायच्या. "बोहनी घरची," म्हणायच्या. मला तेही गोड वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात खालच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. मी भरवसा दिला म्हणून तिने पिंपातली शेवटची बाटली नेली. दोन दिवस लावून ती भर उन्हात खरेदीला फिरली आणि दोन्ही गालांवर फोड आले. लग्न पुढे ढकलावं लागलं. काकू रडत वर आल्या, सगळी इमारत जिन्यात जमली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भरायचं काम हिचं. हिनंच अर्क जास्त टाकला असंल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

बिया उल्हासनगरच्या एका दुकानातून यायच्या. मी तिथे गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी को तो पहले ही बोला था, ये तेल पानी में नहीं मिलता, ऊपर तैरता है, और लगाके धूप में निकले तो चमड़ी जलाता है."

नळ खाली. म्हणजे आधीच्या बाटल्यांत नुसतं गुलाबपाणी, आणि वर तरंगणारा सगळा अर्क शेवटच्या बाटलीत. बोहनी घरची का, ते मला त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं. इतकी फसवणूक माझी परक्या माणसानेही कधी केली नव्हती.

मी भांडायला गेले. त्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी काही नाकारलं नाही.

"तू नोकरीवाली. तुला कोन काय बोलनार गो? माझा तर धंदाच बसला असता."

आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. मी, लाज वाटते सांगायला, जेवले. मग काकूंकडे गेले, तर त्यांनी दारच उघडलं नाही.

पावसाळ्यानंतर वहिनी लेकीकडे अंबरनाथला राहायला गेल्या. जाताना मला सांगितलं नाही. मुलीचे डाग फिके झाले, लग्नाची नवी तारीख ठरली. एका दुपारी काकूंनी माझी बेल वाजवली. त्यांच्या हातात अक्षता लावलेली एकच पत्रिका होती.

"समोर कुलूप आहे," त्या म्हणाल्या. "तुझं जाणं होईल ना अंबरनाथला? एवढी त्यांना पोचव."