घडाला डाग नको

धुळ्याजवळच्या रेसट्रॅकवर सरावात माझी रोजच्या वापरातली दोन सिलिंडरची मोटरसायकल शेवटच्या वळणावर सारखी घसरत होती. मी वैतागलो होतो. तेवढ्यात कठड्याला टेकलेला, गळ्यात रुमाल टाकलेला एक माणूस म्हणाला, "भाऊ, मी फैजपूरहून टेम्पोत केळीचे घड आणतो. ब्रेक असा दाबायचा, की घडाला डाग पडायला नको." बोलताना त्याचा तळवा हवेत हळूहळू दबत होता.

शर्यतीत त्या वळणावर मी तसाच ब्रेक दाबला, पुढच्या तिघांना मागे टाकलं आणि पहिला आलो!

ओरडतच त्याच्यापाशी गाडी थांबवली. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून, घडावरून फिरवावा तसा टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "डाग नाही. माल पास."