गठ्ठ्यातला एक मासा

नॉर्वेतून इटलीला जाणारा सुकवलेला कॉड आमच्या बेटावर टॉर्लेफच्या नाकाखालून जायचा. मासा हुंगून तो प्रत ठरवायचा. माणसं मात्र त्याला न हुंगताच खोटी वाटायची. "इटलीवाल्यांना नाक आहे की नुसतीच मिशी?" म्हणत तिथल्या एर्मेनेजिल्दो नावाच्या व्यापाऱ्याच्या मालात तो दर वर्षी मुद्दाम एक खराब मासा घालायचा. तक्रार कधीच आली नाही.

"बघ, नाक नावालाच आहे लेकाचं!" गठ्ठे बांधताना तो मला ऐकवायचा.

तो निवृत्त झाला त्याच आठवड्यात इटलीहून खोका आला. आत एकोणीस मासे, प्रत्येकाच्या शेपटीला त्या त्या वर्षाची चिठ्ठी. सोबत एक कागद: "टॉर्लेफराव, दर वर्षी वाटायचं, यंदा तरी विश्वास ठेवाल."