पिवडीची भिंत

मुलुंडच्या आमच्या खोलीला चुना काढायला आलेला तो रंगारी मी एकदाच पाहिला. एकावन्न-बावन्न साल असेल. बाळ गेल्यापासून वहिनी तीन महिने अंथरुणाला खिळली होती, कोणाशी बोलत नव्हती.

रंगारी आधी स्वतःच्या मनगटावर रंगाचा फराटा ओढून उन्हात धरायचा. चुन्यात नीळ घालता घालता तो थांबला.

"वयनी, तुमच्या माहेरची भिंत कसल्या रंगाची?"

आम्ही दचकलो. वहिनी कूस वळवून म्हणाली, "पिवडीची."

"मग नीळ कशाला? दुखऱ्या माणसाला निळ्यात थंडी वाजते."

त्याने पिवडी कालवली. भिंत पिवळी होत गेली, तशी वहिनी उठून बसली.

"तो कोपरा राहिला," ती म्हणाली.

आईने डोळ्यांना पदर लावला. तीन महिन्यांनी वहिनीने कशाला तरी नावं ठेवली होती.