मुकादमांचा उजवा गुडघा

मुकादम गोणीच्या पाया पडायचे. दिवसाच्या पहिल्या गाडीतली पहिली गोणी खाली आली, की उजवा गुडघा टेकवून तिला कपाळ लावायचे आणि मगच त्यांची टोळी कामाला हात घालायची. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी नवा दिवाणजी होतो, वजनं लिहून घेणारा. मला हसू यायचं. "हसा," ते म्हणायचे, "पर आधी आमी वाकतो, म्हनून ती आमच्या पाठीवर गप बसती."

माणूस साताऱ्याकडचा, पंचावन्नचा, अंगाने काटक. नजरेने कुठलंही वजन सांगायचा. एकदा माझ्या बायकोसमोर त्यांनी माझंच वजन सांगितलं आणि ते बरोबर निघालं. तो राग मी वर्षभर धरून होतो.

मग एका सकाळी गाडीला लावलेल्या ओल्या फळीवर त्यांचा पाय सरकला. पाठीवर गोणी, खाली गुडघा दुमडलेला. फाटकन आवाज झाला, तो मला काट्यापाशी ऐकू आला. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला धरून ठेवणारी जाड दोरी तुटली होती. डॉक्टरांनी वाटीला भोकं पाडून ती पुन्हा शिवली. "दाभनानं पोतं शिवत्यात, तसं शिवलंय," असं मुकादम भेटायला येणाऱ्यांना सांगायचे. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा आधार बांधून दिला होता. सहा आठवडे गुडघा अजिबात वाकवायचा नाही, ही एकच अट. टाके धरले तर चालता येईल, कदाचित कामही करता येईल.

मी रोज संध्याकाळी कोपरखैरण्याला त्यांच्या खोलीवर जायचो. पाय न हलवता मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची. मी मोजायचो. चौथ्या आठवड्यात पट्ट्यांसकट टाच गादीपासून चार बोटं उचलली गेली. त्यांची बायको, आमच्या काकू, पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या. मलाही भरून आलं होतं.

पाचव्या आठवड्यात मुकादम कुबड्या घेऊन मार्केटात हजर झाले. नव्या कांद्याची पहिली गाडी लागली होती आणि टोळी त्यांच्यासाठी थांबली होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवाणजी, पट्टं सोडा. येवढं एकदाच. सरळ पायानं माझा हात खालच्या पट्ट्यांपातूर पुरत न्हाई." काट्यावर अर्धा किलो न सोडणारा मी, आठवडाभराची सूट देऊन मोकळा झालो. खरं सांगायचं तर मलाही त्यांना वाकलेलं बघायचं होतं. मी एकेक पट्टा चर्र करत सोडला.

त्यांनी गुडघा टेकवला. कपाळ गोणीला लागायच्या आतच तो आवाज पुन्हा झाला.

पट्टे कोणी सोडले, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी दाराशी उभा होतो. "मीच," मुकादम म्हणाले. काकूंनी त्यांना तिथेच झापलं, आणि मी गप्प राहिलो. दुसरं ऑपरेशन झालं, पण यावेळी दोरीने नीट धरलं नाही. पाय खाली टेकायचा, वर उचलला जायचा नाही. मी पूर्वीसारखाच जाऊन दहा मोजायचो, पण टाच गादीवरून हलत नव्हती. आजही कुणी चपलेचा नाहीतर दप्तराचा पट्टा चर्रकन ओढून सोडला, की माझ्या हातातली लेखणी थांबते. मी मान वर करून फळीकडे बघतो.

ते गावी निघाले त्या दिवशी टोळीने त्यांना उचलून गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. पाय सीटवर लांब ठेवला. काकू शेजारी पिशव्या सांभाळत होत्या. मुकादमांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "दिवाणजी, खालचं पट्टं तेवढं आवळून द्या. माझा हात पुरत न्हाई."

काकूंचा पिशवीवरचा हात थांबला. त्यांनी आधी त्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी खाली वाकलो आणि पट्टे आवळले.