मिनलच्या रागाची तपासणी

मिनल रागावली की घरातलं कुणीतरी हमखास विचारायचं, "गोळी घेतलीस ना?" मग कारण नासलेल्या दुधाचं असो, नाहीतर नवऱ्यानं न सांगता चार पाहुणे जेवायला आणल्याचं असो. इतरांना राग आला की तो राग असायचा. मिनलला आला की आजार.

आजार होता, हे तिनं कधी नाकारलं नव्हतं. मुलगी झाल्यावर तिला अंथरुणातून उठवेना. लेकराचं रडणं कानावर पडायचं, पण हात हलायचा नाही. तेव्हा मोशीतल्या ओळखीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत उदासीवरची गोळी लिहून दिली. याआधी कधी याच्या उलट झालं होतं का, झोपेशिवाय अंगात वारं भरल्यासारखं, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर तिनं कॉलेजातला तो आठवडा सांगितला असता, आणि घर सोडून गावोगाव भाषणं देत हिंडणाऱ्या मामाचंही सांगितलं असतं. त्या गोळीनं मिनल उठली खरी, पण मग थांबेचना. रात्रभर घर धुवायची, दिवसभर बोलायची, शेजारणींना न मागता साड्या वाटायची. बाई खुलली म्हणून सगळे खूश होते. पुणे-नाशिक रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती ट्रक वळवताना सापडली, तेव्हा कुठे मानसोपचार तज्ज्ञांचं दार गाठलं गेलं.

त्या डॉक्टर स्वरूपा. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. ज्याला एकदा उंच उसळी येते, त्याला नुसती उदासीची गोळी देणं म्हणजे उतारावरच्या गाडीचा ब्रेक काढणं, असं त्या म्हणाल्या. पहिली गोळी बंद झाली, लिथियम सुरू झालं. अधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. या गोळीनं हात बारीक थरथरायचे म्हणून मिनल चहाचा कप अर्धाच भरायची. पण ती परत माणसात आली, मुलीची वेणी घालू लागली आणि चाकणला कामावरही जाऊ लागली.

त्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांचे पत्र्याचे भाग बनत. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसमधून निघालेला भाग उचलून त्याच्या कडा, भोकं, चरे बघायचे, हे मिनलचं काम. ती कंपनीची कायम कामगार होती. जागरणानं आजार उलटतो, म्हणून रात्रपाळी नको, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं. ती चिठ्ठी तिनं सुपरवायझर दिग्विजयच्या हातात विश्वासानं दिली. महिना सरायच्या आत कँटीनमधल्या बायका तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या.

तिच्या शेजारच्या प्रेसवर दिपाली होती, ठेकेदाराकडची, लातूरकडून आलेली. प्रेसमध्ये हात गेला तर मशीन जागच्या जागी थांबवणारा एक सेन्सर असतो. मे महिन्यात तो सारखा बिघडून प्रेस थांबायला लागली आणि टार्गेट हुकायला लागलं. मग एका सकाळपासून प्रेस मध्ये एकदाही थांबेना. मिनलनं वाकून पाहिलं, तर सेन्सरला वळसा घालून कुणीतरी वायर जोडून दिली होती, सेन्सर आता नुसता नावाला होता. त्याच आठवड्यात दिपालीचा हातमोजा प्रेसमध्ये अडकला. मोज्याचं टोक कापलं गेलं, बोट थोडक्यात वाचलं. तिनं मोजा चुपचाप कचऱ्यात टाकला.

"ताई, राहू द्या," ती मिनलला म्हणाली. "बोभाटा झाला की मलाच काढतेत."

मिनलनं दिग्विजयला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, सामान मागवलंय. दुसऱ्या दिवशी वायर तशीच. पुन्हा सांगितलं, तर म्हणाला, तुम्ही भाग तपासा, मशीन आम्ही बघतो. तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर विचारलं. बोलताना तिचा आवाज चढला, आणि तो चढायलाच हवा होता.

दिग्विजय तिच्याशी बोललाच नाही. लाइनवरच्या कामगारांकडे वळून, हसत म्हणाला, "मिनलताई, ऊन फार आहे. गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

दोघं हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. टोमणे मिनलनं पुष्कळ ऐकले होते. या माणसाला मात्र एका वाक्यात प्रेस, वायर, दिपालीची बोटं, सगळं पुसून टाकता आलं होतं, आणि पुसायला फडकं म्हणून तिनंच दिलेली चिठ्ठी वापरली होती. ती चार पावलं चालून गेली आणि प्रेसचं लाल बटण दाबलं. मशीन बंद पडलं.

"वायर काढा, मग चालू करा," ती म्हणाली आणि बटणासमोर उभी राहिली.

सिक्युरिटीच्या दोन बायका काचेचं भांडं न्यावं तशा तिला ऑफिसात घेऊन गेल्या. तिला काही विचारण्याआधी नवऱ्याला फोन गेला. धम्मरत्न भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. अंगावरच्या तेलकट कपड्यांनिशी तो धावत आला. बाईंची तब्येत बिघडलीय, त्यांनी उत्पादन बंद पाडलं, फिट असल्याचा दाखला आणल्याशिवाय कामावर घेता येणार नाही, असं त्याला अगदी सहानुभूतीनं सांगण्यात आलं. सेन्सरचं नावही कुणी काढलं नाही.

धम्मरत्न तिच्याजवळ बसला आणि त्या सगळ्यांसमोर हळूच म्हणाला, "गोळी घेतलीस ना?"

"त्यांना वायरचं विचारा," मिनल म्हणाली.

"घरी चल. मग बघू."

घरी सासूबाई भिमाबाईंनी पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांचं पाकीट पुढ्यात आणून ठेवलं. वाईट बाई नव्हती ती. मिनल दवाखान्यात असताना नातीला पोटाशी धरून याच म्हातारीनं दिवस काढले होते. पण ते पाकीट बघून मिनलला वाटलं, गॅलरीतून भिरकावून द्यावं. गोळी टाकली तर दिग्विजयचं खरं ठरणार. आत्ता घेतली, तर गोळीनंच शांत झाली म्हणणार. कुठूनही गेलं तरी तिचं म्हणणं तिचं राहात नव्हतं. तिनं पाकीट उचलून फडताळात ठेवलं आणि गोळी तिच्या रोजच्याच वेळेला, रात्रीच्या जेवणानंतर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेण्याआधी मिनल रक्त देऊन आली. रिपोर्ट घेऊन दोघं डॉक्टर स्वरूपांकडे गेली. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, खर्चाचं विचारलं, विचार एकमेकांवर धावून येतात का ते विचारलं. धम्मरत्नलाही वेगळं विचारलं. मग रिपोर्ट पाहिला.

"रक्तात लिथियम हवं तेवढंच आहे. उसळीचं एकही लक्षण नाही."

"मग ही एवढी भडकली कशानं?" धम्मरत्न म्हणाला.

डॉक्टरांनी मिनलकडं पाहिलं. "कशानं?"

कालपासून हे तिला विचारणारं पहिलं माणूस. मिनलनं सगळं सांगितलं. धम्मरत्न ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. अर्धं आयुष्य मशीनवर गेलेला माणूस. सेन्सरवरून वायर टाकली म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि ती प्रेस आत्ता चालू आहे?" त्यानं विचारलं.

"चालूच असणार. मला काढलं, वायर कुठं काढली?"

डॉक्टर दाखला लिहिता लिहिता म्हणाल्या, "या गोळ्या मन उधळू नये म्हणून आहेत, मन मरावं म्हणून नाहीत. डोळ्यांदेखत कुणाचा हात जातोय आणि तुम्ही गप्प बसला असता, तर मी डोस जास्त झालाय का ते बघितलं असतं."

परतताना धम्मरत्ननं गाडी रसवंतीपाशी थांबवली. चूक झाली म्हणाला. मिनलनं ग्लास हातात घेतला, पण एवढ्यावर भागवलं नाही. "घरात विचारता, ते मी सोसलं. तिथं, त्यांच्यासमोर विचारलंत. आता त्यांना कायमचं हत्यार मिळालं." त्यानंतर त्यानं तो प्रश्न सोडून दिला, आईलाही सोडायला लावला. भिमाबाई मात्र मिनल चिडली की अजून फडताळाकडे चोरून बघतात.

दाखला देऊन मिनल कामावर हजर झाली. वायर होतीच. तिनं कारखान्यांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी कार्यालयात स्वतःच्या नावानं तक्रार केली. दिपालीचं नाव कुठंही येऊ दिलं नाही. तिथले साहेब तपासणीला येणार ही बातमी साहेबांच्या आधी पोचली. आदल्या दिवशी नवा सेन्सर बसला, त्याच्याभोवती पिवळी पट्टी मारली गेली. साहेबांनी पाहिलं, सगळं ठीक आहे असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले. मिनलची बदली पॅकिंगला झाली, तिच्याच प्रकृतीच्या काळजीपोटी. दिग्विजयला बढती मिळून तो दुसऱ्या प्लँटला गेला. त्याला कुणी दाखला मागितला नाही.

ऑक्टोबरात कंपनीत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम ठरला. ऑफिसातली एक मुलगी पॅकिंगला आली आणि मिनलला फार आदरानं म्हणाली, तुम्ही आजारावर मात केलीत, स्टेजवर चार शब्द बोला, सगळ्यांना प्रेरणा मिळेल.

"बोलते की," मिनल म्हणाली. "आजारपण सांगते, लिथियम सांगते. पहिल्या डॉक्टरांनी काय विचारलं नाही तेही सांगते. मग मेमध्ये प्रेसवर काय झालं आणि मला वेडी कुणी ठरवलं, तेही सांगते. चालेल?"

मुलगी विचारून येते म्हणून गेली, ती आलीच नाही. कार्यक्रमाला पुण्याहून एक वक्ते आणले. त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं, रोज आरशात बघून हसायला सांगितलं. समोर तीनशे कामगार डोळे मिटून श्वास घेत होते. मागच्या रांगेत मिनल डोळे उघडे ठेवून बसली होती. दिपाली तिच्या शेजारी येऊन टेकली आणि कुजबुजली, "ताई, दोन नंबरच्या प्रेसचा सेन्सर कालपासून लुकलुकायलाय."

मिनल उठली. वक्ते बोलत असतानाच ती दिपालीला घेऊन सभागृहाबाहेर पडली आणि सरळ प्रेस असलेल्या शेडच्या दिशेनं चालू लागली.