रिकाम्या तलावाचा फोटो

नुकसान झालं ते कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका तलावात झिंगे धरणाऱ्या ढिवर मावशींचं. केव्हा, तेही सांगते. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहा बेचाळीस ते सहा सेहेचाळीस. वेळ कॅमेऱ्यानेच नोंदवून ठेवली आहे, त्यामुळे मला अंदाजे बोलायची सोय नाही. नुकसान करणारी मी. सरकार नाही, ठेकेदार नाही. त्यांच्याबद्दल मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत. हे माझ्याबद्दल आहे.

त्या तलावाचं सुशोभीकरण ठरलं होतं. सिमेंटचा काठ, फरशा, पाय मारत चालवायच्या होड्या. आम्ही चार-पाच जण चंद्रपूरहून जाऊन-येऊन गावाच्या बाजूने भांडत होतो. गावाचं म्हणणं एका वाक्याचं होतं: या पाण्यात मासे धरायचा हक्क आमचा आहे, तो कागदावर लिहून द्या. त्यासाठी सुनावणी लागली होती. त्याआधी पत्रक वाटायचं होतं आणि पत्रकाला फोटो हवा होता. मी बैठकीत ठासून सांगितलं की मोर्च्याचा फोटो पाहिला की शहरातला माणूस पान उलटतो. त्याला सुंदर तलाव दाखवा, मग तो चिडेल. सगळ्यांनी मान डोलावली. फोटोतलं आमच्यात मलाच कळत होतं ना!

त्या सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, तिपाई लावली. लेन्सवर काळी काच बसवली, वेल्डिंगवाल्याच्या चष्म्याइतकी काळी. तिच्यातून उजेड इतका कमी शिरतो की शटर मिनिटं-मिनिटं उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात लाटा एकमेकींत मिसळून पाणी दुधासारखं सपाट होतं. आकाश फार उजळू नये म्हणून वर अर्धी गडद, अर्धी साधी अशी दुसरी काच. मागच्या, डोळा लावायच्या खिडकीतून उजेड झिरपू नये म्हणून कॅमेऱ्यावर माझा दुपट्टा गुंडाळला. एवढी काळजी मी आयुष्यात दुसऱ्या कशाची घेतली नसेल.

मावशी कमरेएवढ्या पाण्यात होत्या. हातजाळं पाण्याखालून ओढत, पायाने तळ चाचपत, एका खुंटाकडून दुसऱ्या खुंटाकडे. पाऊस सरला की तिथं प्रत्येक घर आपला बांबूचा खुंट पाण्यात रोवतं आणि त्याला घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधतं. त्या खुंटापासून पुढच्या खुंटापर्यंतचं पाणी त्या घराचं. कोणाची चिंधी कोणती, हे टोल्यातलं, म्हणजे ढिवरांच्या वस्तीतलं, शेंबडं पोरही सांगतं.

मावशींनी मला पाहून हाक मारली, "पोरी, मी बाजूले होऊ का? तुह्या फोटूत येऊन राह्यली मी."

"नाही मावशी, तुम्ही चालत राहा. थांबू नका फक्त. चालणारा माणूस यात येतच नाही."

"येत नाई म्हंजे? मी तं इथीच हावो."

"कॅमेरा चार मिनिटं बघतो. तुम्ही एका जागी राहत नाही, म्हणून दिसत नाही."

त्या हसल्या. "वा गं वा! झाड दिसते, दगड दिसते न मानूस दिसत नाई. कोन बनोला असा कॅमेरा? एखाद्या साहेबानंच बनोला असन."

मीही हसले. आणि त्या माझं ऐकून चार मिनिटं चालत राहिल्या. पाय दुखले तरी थांबल्या नाहीत, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

घरी लॅपटॉपवर फाइल उघडली. काळ्या काचेने सगळ्यावर तपकिरी छटा आणली होती, ती काढली. सावल्या थोड्या उचलल्या, मोहाच्या झाडांची कड धारदार केली. मावशींच्या जागी पाण्यावर एक फिकट धूसर डाग राहिला होता, लेन्सवर बोट लागल्यासारखा. ब्रश घेऊन तो पुसला. मग खुंट. ते हलत नसतात, म्हणून ते सगळे आले होते, चिंध्यांसकट. मला ते कचऱ्यासारखे वाटले. एकेक करून पुसले आणि प्रत्येकाच्या जागी बाजूचं पाणी आणून बसवलं. तासभर लागला. चहा पीत पीत केलं.

पत्रक देखणं झालं. लोकांनी फोटो मोबाइलवर ठेवला, पुढे पाठवला. माझं कौतुक झालं आणि मी ते घेतलं.

सुनावणीत ती घेणाऱ्या साहेबांनी फाइलमधून आमचंच पत्रक काढलं. आवाजही चढवला नाही. "तुम्ही म्हणता टोल्यातली सगळी घरं इथं रोज मासे धरतात. हा फोटो तुमचा. यात माणूस दाखवा. एक जाळं दाखवा."

मी उभी राहून खरं ते सांगितलं. काळी काच, चार मिनिटं, ब्रश, सगळं. दुसऱ्या दिवशी मूळ फाइल छापून नेली. तिच्यात खुंट स्पष्ट होते. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "ज्या हाताला खुंट पुसता येतात, त्याला ते नव्याने रंगवताही येत असतील. मी कोणता खरा मानू?"

साहेबांना शिव्या घालायला मला आवडलं असतं. सवय आहे. पण प्रश्न बरोबर होता. त्यांनी पुढची तारीख दिली आणि आमच्या मोहिमेबाहेरच्या कोणाचा तरी पुरावा आणा म्हणाले. तो मिळाला नाही तर दावा निकाली काढणार, म्हणजे फेटाळणार.

टोल्यात जाऊन मावशींना सांगावं लागलं. त्या अंगणात जाळ्याचा फाटका कोपरा विणत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. हात थांबला नाही.

"मले वाटलं, तू मजाक करून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "तू चाल म्हटली तं मी चालत राह्यली."

"चुकलं माझं, मावशी."

"खुंट काऊन पुसला पन? त्यानं काय केलतं तुहं?"

'फोटो छान दिसावा म्हणून' एवढंच खरं उत्तर होतं. त्यांनी दातांनी दोरा तोडला. "आता आमाले हटवाले मोठ्या सायबाची गरजच नाई. आपलीच पोरगी पुरते." मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "इले च्या दे वो. लांबून आली हाये."

तो चहा मी प्यायले.

आता तुमच्याकडे येते, कारण साहेबांना हवा तो बाहेरचा पुरावा तुमच्या मोबाइलमध्ये असू शकतो. कुरखेड्याच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर तुम्ही त्या तलावावर थांबला आहात. रस्त्याला लागून, पाळीवर मोहाची तीन झाडं, बाजूला हातपंप. डबा खाल्ला असेल, पोरांचे फोटो काढले असतील, मागे पाणी आलं असेल. त्या पाण्यात खुंट असतील, चिंध्या असतील, जाळं ओढणारी बाई असेल, आणि तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नसेल. मोबाइल उघडा आणि तो फोटो शोधा. कापू नका, उजळू नका, रंग भरू नका. मला पाठवू नका, माझ्या हातातून गेलेल्या फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ते बरोबरच आहे. मोबाइल घेऊन स्वतः टोल्यात या, मावशींसमोर बसा, आणि सुनावणीला त्यांच्याबरोबर उभे राहून सांगा की ही बाई तिथं होती, मी पाहिली.