फळ्यावरचा आकडा

दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात पालीजवळ एका सहकारी संस्थेनं जनावरांची छावणी उघडली आणि महानंदा तिथं कॉम्प्युटरवर बसली. रोज जनावरांची यादी करून पेनड्राइव्हवर घालायची. संस्थेचे सचिव मोहनराव ती मोटरसायकलवरून तहसीलला पोचवायचे. एकदा तिची चारशे बारा जनावरं तिकडे चारशे बहात्तर निघाली. छावणीला सरकारी पैसे जनावरामागे मिळायचे. जनावरं दुष्काळातही वितात, पण अर्ध्या वाटेवर साठ? ठपका महानंदावर आला. पुन्हा असं झालं तर घरी बस, असं तिला बजावलं गेलं.

महानंदा रडणारी नव्हे, चिडणारी. फाईलला मागून कुणी हात लावला तर कळावं, असं साधन ती आठवडाभर फोनवर धुंडाळत होती. सापडायची ती भलीमोठी सॉफ्टवेअरं. त्यांनी संस्थेचा जुना कॉम्प्युटर बंदच पडायचा. शेवटी कळलं, साधन मशीनमध्ये आधीपासूनच होतं. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून एक ओळ लिहिली की फाईलचा लांबलचक आकडा समोर, अंकांत इंग्रजी अक्षरं मिसळलेला. यादीत एक टिंब बदललं तरी आकडा पार वेगळा. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यासारखा, फक्त हा उपटून दुसऱ्याला लावता येत नाही. त्या आनंदात तिनं दुसरा चहा मागवला.

मग रोज यादी गेली की त्या आकड्याची शेवटची आठ अक्षरं ती वहीत टिपायची आणि छावणीच्या फळ्यावर खडूनं लिहायची. दुसऱ्या दिवशी ती पुसून नवी. कुणी विचारलं तर म्हणायची, "यादीची खूण हाय." कुणाला पटलं नाही. बाई मटक्याचा आकडा सांगते, असं छावणीभर झालं. दोन बैल घेऊन आलेला सटवा तर इंग्रजी येत नसताना ती अक्षरं चित्रासारखी डायरीत उतरवायचा, वर तारीख घालून.

दोन महिन्यांनी पुन्हा साठ जनावरं वाढली. तहसीलचे साहेब लॅपटॉप घेऊन आले. महानंदानं आपल्या आणि त्यांच्या फाईलचा आकडा काढून दाखवला. दोन्ही वेगळे. तिनं वही पुढे केली.

"वही तिचीच. आज बसून लिहिली आसंल," मोहनराव म्हणाले. साहेबांनीही मान डोलावली. महानंदानं फळ्याकडे बघितलं, पण त्या दिवसाची अक्षरं तिथून केव्हाच पुसली होती.

"सायेब, कोणत्या तारखेचा पायजे?" मागून सटवानं डायरी काढली. साहेबांनी त्या दिवसाचं पान उघडलं. वेडीवाकडी आठ अक्षरं महानंदाच्या फाईलशी तंतोतंत जुळली. साहेब मोहनरावांकडे वळले, "चला, जबाब घ्यायचाय तुमचा."

महानंदाला तेव्हा रडू फुटलं. सटवा मात्र नाराजच होता.

"दोन म्हयने लावतोय ताई, एकदाबी लागला न्हाई."

"आज लागला की," महानंदा डोळे पुसत म्हणाली.